वाईन शॉपमध्ये वाईन सोडून सगळं मिळतं

पोस्ट मोठी आहे. विषय वाईनचा आहे, त्यामुळे ज्यांना नुसत्या शब्दानेच विटाळ होतो त्यांनी इथूनच परत फिरावं. पण द्राक्ष, शेतकरी, सरकारी महसूल आणि आपली जीभ यांच्याशी ज्यांचं काही देणंघेणं आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं आणि मग शिव्या घालाव्यात.

पुण्यात कर्वे रस्त्यापासून सातारा रस्त्यापर्यंत कुठेही जा. दुकानावर पाटी असते 'अमुकतमुक वाईन्स'. काऊंटरला जाळी, जाळीपुढे गर्दी, आणि आत व्हिस्की, रम, व्होडका, बिअर. वाईन कुठे असते? सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या बुडाशी, धूळ खात, उभी. मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा त्या फळीवर काय तापमान असेल याचा अंदाज स्वयंपाकघरातल्या माळ्यावर हात घालणाऱ्या कुणालाही येईल. वाईन साठवायची असते 12 ते 15 अंशांच्या आसपास, अंधारात. आपण तिला उन्हाळाभर वाफवतो आणि मग पहिल्या घोटाला तोंड वाकडं करून म्हणतो, "छ्या, आपल्याकडची वाईन म्हणजे काही खरं नाही."

जिच्या नावाची पाटी दुकानावर आहे, तिचीच ही अवस्था. राज्यातल्या वाईनच्या चर्चेचंही नेमकं हेच झालंय. नाव वाईनचं, आत भलताच माल.

आठवून पाहा. 27 जानेवारी 2022 ला तेव्हाच्या मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की 1000 चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या बंद कपाटात वाईन विकायला परवानगी द्यायची. झालं. एका बाजूने संजय राऊत म्हणाले, वाईन म्हणजे दारू नाही, शेतकऱ्याचा फायदा होईल. दुसऱ्या बाजूने देवेंद्र फडणवीस म्हणाले, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होऊ देणार नाही. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. चॅनेलांना महिनाभर पुरेल एवढं खाद्य मिळालं. पुढे सरकार बदललं आणि ते कपाट काही आपल्या किराण्याच्या रांगेत आलं नाही. या सगळ्या गदारोळात वाईन लागते कशी, कुठली चांगली, कुठल्या मातीतली, कुणी पिकवली, याबद्दल एक वाक्य कुणी बोललं असेल तर मला दाखवा.

दोन्ही बाजूंचा हिशोब करू.

पहिली बाजू. "वाईन म्हणजे दारू नाही." साफ चूक. साधं गणित आहे. 750 मिलीच्या बाटलीत 13 टक्के अल्कोहोल धरलं, तर शुद्ध अल्कोहोल होतं साधारण 97 मिली. आपल्याकडची व्हिस्की 42.8 टक्क्यांची, म्हणजे 60 मिलीच्या लार्ज पेगमध्ये साधारण 26 मिली. एक बाटली वाईन म्हणजे जवळपास चार लार्ज. 150 मिलीचा एक ग्लास वाईन हा माइल्ड बिअरच्या एका पाइंटपेक्षा जास्त अल्कोहोल देतो. आणि ते "हृदयाला चांगली असते" वगैरे फॉरवर्ड आता पाठवू नका. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय. कॅन्सरला कारणीभूत घटकांच्या पहिल्या गटात दारू 1988 पासून आहे. त्यात वाईनला वेगळी खुर्ची नाही. प्यायची तर आवडते म्हणून, थोडी, माहीत असून प्या. औषध म्हणून पिणाऱ्याने मला ज्ञान देऊ नये.

दुसरी बाजू. "मद्यराष्ट्र." अहो, मग त्या जाळीमागे जे विकलं जातं ते काय आहे? राज्याच्या तिजोरीत उत्पादन शुल्काचे हजारो कोटी येतात ते उसाच्या मळीवर चालणाऱ्या डिस्टिलऱ्यांच्या मालावर. देशी दारूचं दुकान वस्तीच्या तोंडावर चालतं, त्यावर उपोषण होत नाही. ज्या गावांतल्या बायांनी 'आडवी बाटली'ला मतदान करून दुकानं बंद पाडली, त्यांच्यापुढे मी हात जोडतो. त्यांना दारूचं अर्थशास्त्र मंत्रालयापेक्षा जास्त कळतं, कारण ते त्यांच्या पाठीवर उमटलेलं असतं. पण त्यांची लढाई ज्या मालाशी आहे त्याला हात न लावता, दिंडोरीच्या शेनिन ब्लांकवर भाषणं ठोकायची, हा शूरपणा नाही. ही सोय आहे.

माझं मत विचाराल, तर मला बिस्किटांच्या शेजारी वाईन नकोच होती. पोरं ज्या रांगेत चॉकलेटसाठी हट्ट करतात, तिथे ती नसली तर माझं काही अडत नाही. मला हवी होती ती थंड, अंधारी, नीट ठेवलेली आणि माहिती सांगणारा माणूस समोर असलेली जागा. ते कुणी मागितलंच नाही. सगळ्यांना फक्त खप हवा होता किंवा खपाविरुद्ध मोर्चा.

आता शेतकऱ्याचं नाव.

वाईनच्या बाजूने बोलणारा प्रत्येक पुढारी द्राक्ष बागायतदाराचं नाव घेतो. नारायणगाव, जुन्नर, निफाड, तासगाव इथल्या बागा डोळ्यांसमोर आणा. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश. ही सगळी खायची द्राक्षं. वाईनची द्राक्षं वेगळी: शेनिन ब्लांक, सोव्हिन्यॉं ब्लांक, शिराझ, कॅबरने. लहान मणी, जाड साल, बी असलेली. राज्याच्या एकूण द्राक्ष क्षेत्रात त्यांचा वाटा छोटासा आहे. अवकाळीत सोनाका झडली तर ती वाइनरीत ओतून भाव मिळत नसतो. त्यामुळे "वाईन विकली की द्राक्षवाला तरला" हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, कुठला द्राक्षवाला?

जो खरोखर वाईनची वेल लावतो, त्याचं काय झालं तेही बघू. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. सवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले. दहा वर्षांच्या आत वाइनऱ्यांचं पीक आलं. मग 2008-09 ची मंदी आली, टाक्या भरलेल्या राहिल्या, कित्येक वाइनऱ्यांना कुलूप लागलं आणि लोकांनी उभ्या वेली उपटल्या. वेल लावल्यावर नीट उत्पन्न यायला दोन-तीन वर्षं लागतात, उपटायला एक जेसीबी पुरतो. सवलत आजही आहे. वाईनवरच्या 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के वाइनरीला परत देण्याची योजना राज्याने चालवली आहे. उद्योग जगावा म्हणून माझी तिला हरकत नाही. पण हा पैसा तुमचा-माझा आहे, तर त्याच्या बदल्यात करार केलेल्या शेतकऱ्याला किती भाव मिळाला, हे वाइनरीने दरवर्षी जाहीर करावं एवढी अट का नको?

आणि वेली उपटल्या गेल्या याचं एक कारण आपण आहोत. पिणाऱ्यांना फरक कळत नव्हता. ज्या मालातला फरक गिऱ्हाईकाला कळत नाही, त्याचा भाव फक्त खालीच जातो.

इथे मी मुद्द्यावर येतो. चव घेणं ही चैन नाही. बाजारात शेतकऱ्याची बाजू घेण्याचा तो एक मार्ग आहे. पुणेकराला हे समजावून सांगावं लागू नये. मार्केट यार्डात देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा घुसवला तर आपण नुसत्या वासावर भांडण काढतो. आंबेमोहोर म्हणून दुसराच तांदूळ दिला तर पहिल्या वाफेला ओळखतो. कोल्हापूरचा गूळ, वाईची हळद, सासवडचं अंजीर. प्रदेश म्हणजे चव, हे आपल्याला बाराखडीआधी शिकवलेलं असतं. फक्त वाईनचा ग्लास समोर आला की आपण एकदम परप्रांतीय होतो आणि "फ्रेंच आहे ना? मग चांगलीच असणार" म्हणतो.

आपल्या वाईनचा प्रदेश खरोखर वेगळा आहे. युरोपात वेल थंडीत झोपते, वसंतात उठते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ देते. नाशिक 20 अक्षांशावर. इथे वेलीला झोप नाही. म्हणून आपला शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो: एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, आणि पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. फळ तयार होतं जानेवारी ते मार्चमध्ये. दिवसा कडक ऊन, आणि रात्री निफाडचा पारा एक आकडी. त्या थंड रात्री द्राक्षातला आंबटपणा टिकवतात, दिवसाचं ऊन साखर चढवतं. उन्हाळा लवकर आला तर आंबटपणा उडतो आणि वाईन बसकी लागते. हे ज्याला माहीत आहे, तो बाटलीवरचं वर्ष वाचायला लागतो.

आता शेजारीशेजारी ठेवून बघा. शेनिन ब्लांक मूळची फ्रान्सच्या लुआर नदीच्या खोऱ्यातली. तिथे ती धारदार आंबट, सफरचंदासारखी. दक्षिण आफ्रिकेत तिची जगातली सगळ्यात मोठी लागवड आहे. नाशिकला आली तर पेरू, अननस आणि थोडा मध. सांजोवेझे इटलीतल्या तोस्कानाची. ती उसाच्या माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या परिसरात लावली गेली, आणि तिच्यात आमसुलासारखा आंबटपणा आणि करवंदाचा रंग उतरला. बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची कॅबरने-शिराझ वेगळीच, जड, तुरट. आपल्या नारायणगावात 1980 च्या दशकात शामराव चौगुल्यांनी शॅम्पेनच्या पद्धतीने बुडबुड्यांची वाईन बनवली, ती 'ओमर खय्याम' नावाने इंग्लंडात विकली गेली. पुण्यापासून दोन तासांवर हे घडलं आणि पुण्यात किती जणांना माहीत आहे?

माहीत नसण्याला दुसरी एक जमात जबाबदार आहे. टेस्टिंगवाले. बाणेर-कोरेगाव पार्कच्या हॉटेलांत हे कार्यक्रम होतात. एक गृहस्थ ग्लास गोल फिरवतात, नाक आत घालतात आणि म्हणतात, "गूजबेरी... कॅसिस... वेट स्लेट..." समोरचे तीस जण मान डोलवतात. त्यातल्या अठ्ठावीस जणांनी आयुष्यात कॅसिस पाहिलेलं नसतं, आणि ओल्या पाटीचा वास ज्यांना माहीत आहे ते म्युन्सिपाल्टीच्या शाळेत शिकलेले असल्याने ते सांगायला लाजतात!

कशाला ही उसनवारी? सोव्हिन्यॉं ब्लांकमध्ये ढोबळी मिरचीचा वास येतो, तो खराखुरा, त्याच रसायनामुळे येतो जे मिरचीत असतं. त्याच्या मागे कच्ची कैरी आणि पेरू. शिराझमध्ये काळी मिरी येते, तीही अशीच खरी. मागे जांभूळ. अमेरिकन ओकच्या पिंपात मुरलेली असेल तर भाजलेलं खोबरं. बूच खराब असेल तर पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास. उन्हात तापलेली असेल तर शिजवलेल्या मनुकांचा. आणि टॅनिन म्हणजे काय हे सांगायला इंग्रजी पुस्तक कशाला? आपल्याकडे 'तुरट' हा शब्द सहा रसांतला एक म्हणून शतकानुशतकं बसलेला आहे. कोरा चहा, कच्ची सुपारी, जांभूळ खाऊन जीभ जशी ओढली जाते, तेच ते. ज्या भाषेत खमंग, खरपूस, आंबूस, उग्र, करपट, खवट, कुबट, मवाळ एवढे शब्द आहेत, त्या भाषेच्या माणसाने वाईनपुढे मुकं व्हावं?

मी आणि माझे सहा-सात मित्र गेली काही वर्षं महिन्यातून एकदा बसतो. नियम तीन. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. लिहायचं मराठीत. आणि किंमत सगळ्यात शेवटी उघड करायची. जेवायला जे घरात शिजलंय तेच. कोथिंबीर वडी आणि सुरळीच्या वडीबरोबर थंड शेनिन मस्त जाते. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर तुरट लाल वाईन घेतली तर तिखट दुप्पट भडकतं, तिथे हलकी, फळकट लालच बरी. हे कुठल्याही परदेशी तक्त्यात छापलेलं नसतं, कारण तक्ता करणाऱ्याने काळा मसाला खाल्लेला नसतो. किंमत उघड झाली की दर वेळी कुणाचा तरी चेहरा बघण्यासारखा होतो. आयात बाटली अनेकदा पहिली येते, अनेकदा येत नाही. आणि हे आमच्याच टोळक्यात होतं असं नाही.

24 मे 1976 ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे झाकलेल्या बाटल्या ठेवल्या. लाल आणि पांढऱ्या, दोन्हींत कॅलिफोर्नियाची वाईन पहिली आली. तोवर कॅलिफोर्नियाला वाईनच्या जगात कुणी धूप घालत नव्हतं. 2001 मध्ये बोर्दोतल्या एका प्रयोगात वाईनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्याच वाईनमध्ये लाल रंग घालून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. म्हणजे डोळे आणि लेबल जिभेला फसवतात, तिथल्या शिकलेल्यांनाही. मग आपण लेबलला शरण का जायचं? आणि उलटही सांगतो: "आपली ती चांगलीच" हाही लेबलवादच. कागदात गुंडाळलेल्या नाशिकच्या कितीतरी बाटल्या आमच्याकडे शेवटच्या आल्यात आणि आम्ही ते तसंच लिहिलंय.

हे सगळं आत्ताच का बोलतोय? कारण कुंपण खाली यायला लागलंय. आयात वाईनवर वर्षानुवर्षं 150 टक्के सीमाशुल्क होतं. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू झाला. त्यात 5 डॉलरवरच्या बाटलीचं शुल्क लगेच 100 टक्क्यांवर आलं आणि दहा वर्षांत 50 पर्यंत उतरणार. 15 डॉलरवरच्या बाटलीचं 75 वरून 25 पर्यंत. उद्या बाकीचे देशही हेच मागणार. तेव्हा दिंडोरीच्या बाटलीला वाचवायला सवलत पुरणार नाही. "ही चव फक्त इथलीच आहे" असं म्हणणारं गिऱ्हाईक लागेल. ते तयार करायला आपण काय केलं? कर्नाटकची बाटली पुण्यात यायची तर राज्याची वेस ओलांडल्याचं वेगळं शुल्क. ऑस्ट्रेलियाला दार उघडं, शेजारच्या कर्नाटकाला चौकी. नंदी हिल्स आणि नाशिक शेजारीशेजारी ठेवून चाखायचीच महाग, तर फरक कळणार कसा?

तेव्हा मागण्या सरळ लिहितो.

दुकानदारांना: एक काचेचं थंड कपाट ठेवा. बिअरला फ्रीज परवडतो, वाईनलाही परवडेल. उत्पादन शुल्क खात्याने वाईनच्या परवान्याला ही अटच घालावी.

हॉटेलवाल्यांना: ग्लासवर विकता ती बाटली कधी उघडली ते विचारल्यावर वेटरने छताकडे बघू नये. बाटलीवर तारीख लिहा. आणि लाल वाईन 'रूम टेंपरेचर'ला द्यायची म्हणजे पुण्याच्या मे महिन्याच्या रूमचं नव्हे, 16-18 अंश.

वाइनरीवाल्यांना: तालुका, शक्य असेल तर गाव, आणि वर्ष लेबलवर ठळक छापा. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, ते फायलीत ठेवण्यासाठी नाही. हापूसवाल्यांकडून शिका.

सरकारला: सवलत द्या, पण शेतकऱ्याला दिलेला भाव जाहीर करण्याच्या अटीवर. आणि कृपा करून शेतकऱ्याच्या खांद्यावर बाटली ठेवून भाषण करू नका.

आपल्याला: मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, आपल्याच वेशीवर. नाशिक चार-पाच तासांवर. वाइनरीत सेल्फी काढून, पिझ्झा खाऊन परत येण्याआधी बाग बघा, छाटणी कधी झाली ते विचारा. गाडी चालवणाऱ्याने चाखून थुंकावं, त्यासाठी तिथे भांडं ठेवलेलं असतं, त्यात काही कमीपणा नाही. आणि जे पीत नाहीत त्यांनी प्यावी असं मी अजिबात म्हणत नाहीये. न पिणं हा सगळ्यात चांगला निर्णय आहे.

पण पिणार असाल तर गिळू नका, चाखा. कुठली आहे ते वाचा. आवडली नाही तर मराठीत सांगा की आवडली नाही, आणि का ते सांगा. "मला त्यातलं काही कळत नाही बुवा" हे वाक्य आंब्याच्या पेटीपुढे उभे राहून तुम्ही कधी म्हणालात का?

कमेंटमध्ये दोन्ही बाजूंचं स्वागत आहे. "तुमच्यासारख्यांमुळे संस्कृती बुडाली" असं लिहिणाऱ्यांनी आधी आपल्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या देशीच्या दुकानाविरुद्ध दिलेला अर्ज जोडावा. आणि "फ्रेंच ती फ्रेंचच" म्हणणाऱ्यांनी पुढच्या महिन्यात आमच्याकडे यावं. वर्तमानपत्र आम्ही आणू.